एंडोमेट्रिओसिस आणि मूल होण्यासाठीचे उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगली जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. दर आठवड्याला एखादं तरी जोडपं जाडजूड फाईल घेऊन येतं. फाईलमध्ये तीन-चार सोनोग्राफ्या, दोन-तीन ठिकाणची औषधं, एखादं दुर्बिणीचं ऑपरेशन आणि सगळ्यात वर 'आयव्हीएफ करून घ्या', म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घ्या, अशी चिठ्ठी. यातला एकेक उपचार सुटा पाहिला तर बहुतेक वेळा बरोबरच असतो. चुकलेला असतो तो क्रम, आणि या आजारात क्रम चुकला की वर्षं जातात, कधी बीजंही जातात. खालचे प्रश्न पेशंटनी विचारलेले आहेत, बरेचसे त्यांच्याच शब्दांत. उत्तरं वाचून स्वतःचा उपचार स्वतः ठरवू नका. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं हे मात्र नक्की ठरवा.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे नेमकं काय?

गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं, तशाच पेशी पिशवीच्या बाहेर रुजतात. बीजकोशावर, नळ्यांवर, पिशवीच्या मागच्या खोलगट जागेत, कधी आतड्यावर किंवा लघवीच्या पिशवीवर. दर महिन्याला संप्रेरकांच्या तालावर त्याही सुजतात आणि रक्त सोडतात. आतल्या अस्तराचं रक्त पाळीवाटे बाहेर पडतं, या रक्ताला मात्र वाट नसते. मग तिथे सूज येते, व्रण होतात आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. हे रक्त बीजकोशात साठून जुनं झालं की दाट, काळपट तपकिरी होतं. त्यालाच चॉकलेट सिस्ट म्हणतात. जॉन सॅम्पसन या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९२१ मध्ये या गाठींचं असं वर्णन केलं आणि ते नाव टिकलं.

पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जाणं हे बहुतेक सगळ्याच बायकांमध्ये घडतं. तरी आजार होतो तो साधारण दहातल्या एकीला. तेव्हा 'पाळीत डोक्यावरून अंघोळ केली', 'थंड खाल्लं' असली कारणं मनातून काढून टाका. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे.

म्हणजे मला मूल होणारच नाही का?

होऊ शकतं, आणि अनेकींना कुठल्याही उपचाराशिवाय होतं. ज्यांना हा आजार आहे त्यांच्यापैकी साधारण ३० ते ५० टक्के जणींना दिवस राहायला अडचण येते. हेच उलट बाजूने वाचा: निम्म्या किंवा त्याहून जास्त जणींना येत नाही.

निरोगी, तरुण जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता १५ ते २० टक्के असते. एंडोमेट्रिओसिस असताना ती २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान उतरते. शक्यता उणावते, पण शून्य होत नाही. पंचविशीतल्या मुलीकडे ही कमी शक्यता पुन्हापुन्हा अजमावायला वेळ असतो. अडतिसाव्या वर्षी तो नसतो. म्हणून या पानावर वयाचा उल्लेख सारखा येईल. त्याने घाबरवण्याचा हेतू नाही. दोन बायकांचा रिपोर्ट अगदी सारखा असला तरी वयामुळे सल्ला वेगळा निघतो, एवढंच.

दिवस राहायला नेमकं आडवं काय येतं?

बऱ्याच गोष्टी. अवयव चिकटल्यामुळे नळीचं झालरीसारखं टोक बीजापर्यंत पोचत नाही आणि बीज उचललं जात नाही. ओटीपोटातल्या सुजेमुळे तिथलं द्रव बीजाला आणि शुक्राणूला मानवत नाही. चॉकलेट सिस्टभोवतीची निरोगी बीजं कमी होत जातात. आजाराबरोबर पुष्कळदा अॅडिनोमायोसिसही असतो, म्हणजे अस्तराच्या पेशी पिशवीच्या स्नायूतच शिरलेल्या असतात. त्यात गर्भ रुजण्याची शक्यता कमी होते आणि गर्भपाताची वाढते.

आणखी एक कारण आहे, जे फाईलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. संबंधाच्या वेळी होणारं दुखणं. आत खोलवर कळ येते, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. मग जोडपं महिन्यातून एकदा, तेही धास्तावून, जवळ येतं. वर्षानुवर्षं 'प्रयत्न चालू आहेत' असं सांगितलं जातं, आणि खरं विचारलं तर बीज सुटायच्या दिवसांत संबंध झालेलाच नसतो. ही गोष्ट सांगताना बाई खाली बघते, नवरा भिंतीकडे बघतो. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. ते आजाराचं लक्षण आहे आणि सांगितलं तर उपचाराची दिशा बदलते. सासूबाई बरोबर आल्या असतील तर त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगा, नाहीतर आम्ही सांगतो.

पाळीत सगळ्यांचंच पोट दुखतं. माझं वेगळं आहे हे कसं ओळखायचं?

पाळीच्या पहिल्या दिवशी थोडं दुखणं, गरम पाण्याच्या पिशवीने किंवा एखाद्या गोळीने थांबणं, हे नेहमीचं. पण शाळा-कॉलेज-नोकरीला दर महिन्याला दांडी पडत असेल, पाळीच्या आधीच दुखायला लागत असेल, पाळीत शौचाला किंवा लघवीला बसताना कळ येत असेल, संबंधात आत दुखत असेल, गोळ्यांचा डोस वाढवत न्यावा लागत असेल, तर ते अंगावर काढू नका. 'लग्न झालं की थांबेल', 'एक मूल झालं की थांबेल' असं मुलींना आपल्याकडे अजून सांगतात. त्यातच निदानाची वर्षं जातात. जागतिक आरोग्य संघटना निदानाला लागणारा उशीर ४ ते १२ वर्षांचा सांगते, आणि माझा अनुभव त्याहून वेगळा नाही.

काही जणींना मात्र काडीचंही दुखत नाही. दिवस राहत नाहीत म्हणून सोनोग्राफी केली आणि पाच सेंटिमीटरची सिस्ट दिसली, असंही होतं.

सोनोग्राफी नॉर्मल आली. म्हणजे आजार नाही ना?

तसं म्हणता येत नाही. चॉकलेट सिस्ट आतून केलेल्या सोनोग्राफीत चांगली ओळखू येते. पोटाच्या पडद्यावर विखुरलेले बारीक डाग दिसत नाहीत. खोलवर पसरलेला आजार अनुभवी सोनोलॉजिस्टला दिसतो; शंका राहिली तर एमआरआय करतात.

पूर्वी दुर्बिणीने आत बघितल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हे बदललं: लक्षणं आणि तपासणी पुरेशी बोलकी असतील तर केवळ निदानासाठी भूल देऊन पोटात दुर्बीण घालायची गरज नाही.

सीए-१२५ ही रक्ताची तपासणी निदानासाठी वापरू नये. ती पाळीतही वाढते, फायब्रॉइडमध्ये म्हणजे गर्भपिशवीच्या साध्या गाठींमध्ये वाढते आणि क्षयरोगातही वाढते. क्षयरोगाचं मी मुद्दाम सांगते आहे. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षय हे नळ्या बंद होण्याचं एक मोठं कारण आहे. तिथेही ओटीपोट चिकटतं, तिथेही दुखतं. घरात कुणाला टीबी झाला होता का, हे डॉक्टर विचारतात ते उगीच नाही.

रिपोर्टवर 'स्टेज ४' लिहिलंय. आता आयव्हीएफशिवाय पर्याय नाही का?

स्टेज गुणांवरून ठरते. ऑपरेशनच्या वेळी डाग, सिस्ट आणि चिकटलेपण बघून गुण देतात. १ ते ५ म्हणजे पहिली, १५ पर्यंत दुसरी, ४० पर्यंत तिसरी, त्यापुढे चौथी. ही पद्धत आजार किती पसरलाय ते मोजते. किती दुखेल आणि दिवस राहतील की नाही, हे तिच्यावरून नीट कळत नाही. पहिल्या स्टेजची बाई पाळीत गडबडा लोळते आणि चौथ्या स्टेजची आरामात कामाला जाते, हे आम्ही बघतो. आणि ही स्टेज कर्करोगाची स्टेज नाही. ते वाचून रात्रभर रडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

मूल होण्याचा अंदाज बांधायला दुसरं मोजमाप आहे, एंडोमेट्रिओसिस फर्टिलिटी इंडेक्स. अॅडमसन आणि पास्ता यांनी ते २०१० मध्ये मांडलं. त्यात वय, किती वर्षं प्रयत्न चालू आहेत, आधी कधी दिवस राहिले होते का, आणि ऑपरेशन संपताना नळ्या, त्यांची झालर आणि बीजकोश कितपत कामाचे उरलेत, हे पाहून ० ते १० पर्यंत गुण देतात. गुण चांगले असतील तर स्टेज चार असूनही काही महिने घरच्या घरी प्रयत्न करायला हरकत नसते. तुमचं दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनना आधीच सांगा, 'हा इंडेक्स रिपोर्टवर लिहून द्या.' नंतर फाईलमधून तो काढणं अवघड जातं.

मला डायनोजेस्टच्या गोळ्या दिल्या आहेत. सहा महिने घेतल्या की आजार सुकेल आणि मग मूल राहील, असं कळलं. खरं आहे?

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं.

डायनोजेस्ट, गर्भनिरोधक गोळ्या, पाळी थांबवणारी महिन्याची इंजेक्शनं ही सगळी औषधं दुखण्यावर चांगली आहेत. ती बीज तयार होणं दाबतात, अस्तर पातळ करतात, आजार शांत ठेवतात. याचाच अर्थ, ती चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत. बंद केल्यावर दिवस राहण्याची शक्यता आधीपेक्षा वाढते, असंही दिसलेलं नाही. मूल होण्याची शक्यता वाढवण्यासाठी ही औषधं देऊ नयेत, हे मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, ऑपरेशननंतरही नाही.

तरी असं होतं की छत्तिसाव्या वर्षी चांगलं ऑपरेशन झालेलं असतं, नळ्या मोकळ्या असतात, आणि नंतरचे सहा महिने 'आजार परत येऊ नये म्हणून' गोळ्या चालू असतात. ऑपरेशननंतरचा तोच काळ प्रयत्न करण्याचा असतो. त्या महिन्यांची भरपाई नंतर कशानेच होत नाही.

आता याची दुसरी बाजू. तुम्हाला इतक्यात मूल नको असेल, शिक्षण किंवा नोकरी चालू असेल, तर याच गोळ्या अगदी योग्य आहेत. सिस्ट पुन्हा होण्याचं प्रमाण त्यांनी कमी होतं. म्हणून गोळी हातात पडली की विचारा: ही दुखण्यासाठी आहे की मूल होण्यासाठी? दोन्हींसाठी एकच गोळी नसते.

मग मूल हवं असताना दुखण्यावर काय घ्यायचं?

पॅरासिटामॉल, शेक, आणि पाळीच्या दिवसांत डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी. मेफेनॅमिक अॅसिड, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या बीज सुटायच्या दिवसांत टाळाव्यात, कारण त्यांनी बीज बाहेर पडण्यात अडथळा येऊ शकतो. एवढ्यानेही दिवस ढकलणं अशक्य होत असेल तर ते सोसत बसू नका. अशा वेळी ऑपरेशनचा विचार आधी करावा लागतो.

चॉकलेट सिस्ट आधी काढायची की आधी आयव्हीएफ?

एकाच सोनोग्राफीवर दोन डॉक्टर दोन उत्तरं देतात आणि पेशंट गोंधळतो, तो इथे. दोघेही बरोबर असू शकतात, कारण उत्तर सिस्टवर कमी आणि बाईवर जास्त अवलंबून असतं.

बीजकोशात बीजांचा साठा जन्मापासून ठरलेला असतो. नवीन बीजं तयार होत नाहीत. सिस्टचं आवरण सोलून काढताना त्याला चिकटलेला थोडा निरोगी भागही निघतो. सर्जनचा हात कितीही चांगला असला तरी हे काही प्रमाणात होतंच. बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं एएमएच हे रक्तातलं संप्रेरक ऑपरेशननंतर खाली येतं. दोन्ही बाजूंच्या सिस्ट काढल्या तर जास्त खाली येतं, आणि क्वचित बीजकोश कायमचे थकतात. 'आयव्हीएफ करायचंच आहे तर आधी सिस्ट काढून मैदान साफ करू' हे ऐकायला पटतं, पण फक्त त्यासाठी सिस्ट काढल्याने आयव्हीएफनंतर मूल होण्याचं प्रमाण वाढत नाही. उलट बीजं कमी मिळतात.

तरीही ऑपरेशन आधी करावं लागतं ते केव्हा? दुखणं असह्य असेल. सोनोग्राफीत सिस्टचं रूप संशयास्पद असेल आणि कर्करोग नाही याची खात्री करायची असेल. सिस्टमुळे बीजं काढायच्या सुईला वाटच राहिली नसेल. किंवा वय कमी आहे, एएमएच चांगलं आहे, नवऱ्याचा रिपोर्ट ठीक आहे आणि आयव्हीएफ न करता प्रयत्न करायची इच्छा आहे. अशा मुलीला चांगल्या ऑपरेशनचा खरोखर उपयोग होतो. तिथे सिस्ट नुसती फोडून रिकामी करण्यापेक्षा आवरणासह काढलेली बरी. दिवस राहण्याचं प्रमाण जास्त आणि सिस्ट परत येण्याचं कमी असतं. सुईने ओढून रिकामी केलेली सिस्ट बहुधा पुन्हा भरते.

वय पस्तिशीच्या पुढे, एएमएच आधीच कमी, दोन्हीकडे सिस्ट, किंवा एकदा ऑपरेशन होऊन सिस्ट परत आलेली, आणि दुखणं सोसण्यासारखं: यातलं काही असेल तर मी आधी बीजं किंवा गर्भ सुरक्षित करायच्या बाजूने असते. दुसऱ्यांदा त्याच बीजकोशावर ऑपरेशन करताना तर दहादा विचार करावा.

काहीही ठरो, एएमएच आणि बीजकोशातल्या लहान पुटिकांची (बीज ज्यात वाढतं त्या बारीक पिशव्यांची) मोजणी ऑपरेशनच्या आधी झाली पाहिजे. आधी किती होतं हेच माहीत नसेल तर नंतर किती गेलं हे कुणीच सांगू शकत नाही. आणि सिस्ट 'चार सेंटिमीटर झाली, काढा' असं नुसत्या आकारावरून ठरवलं जात असेल तर दुसरं मत घ्या.

सिस्ट नाही, फक्त डाग आहेत. ते जाळल्याने फायदा होतो का?

थोडा होतो. कॅनडात ३४१ स्त्रियांवर केलेली चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य आजार असलेल्या निम्म्या जणींचे डाग दुर्बिणीतून काढले, बाकीच्यांचं फक्त बघून बंद केलं. ३६ आठवड्यांत दिवस राहून ते वीस आठवड्यांपुढे टिकण्याचं प्रमाण पहिल्या गटात ३०.७ टक्के आणि दुसऱ्यात १७.७ टक्के होतं. त्यानंतरच्या एका लहान इटालियन चाचणीत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणून दुसऱ्या कारणासाठी दुर्बीण घातलीच असेल आणि डाग दिसले तर ते काढावेत. केवळ डाग शोधायला प्रत्येकीच्या पोटात दुर्बीण घालावी, असं मला वाटत नाही.

आययूआयचा उपयोग होईल का?

आययूआय म्हणजे नवऱ्याचे शुक्राणू प्रयोगशाळेत तयार करून बारीक नळीने थेट गर्भपिशवीत सोडणं. आजार सौम्य, नळ्या मोकळ्या आणि शुक्राणूंचा रिपोर्ट बरा असेल तर होतो. बीज वाढवणाऱ्या औषधांसोबत केलं तर. तीन-चार वेळा करून बघा. त्यात नाही जमलं तर सातव्या-आठव्या वेळेला जमेल अशी आशा धरून बसू नका. नळ्या चिकटलेल्या, आजार पुढे गेलेला, वय वाढलेलं असेल तर आययूआयवर वेळ घालवू नये.

बीज वाढवण्यासाठी लेट्रोझोल दिलं की पेशंट घरी जाऊन शोधतात आणि 'यावर बंदी आहे' असं वाचून फोन करतात. वंध्यत्वासाठी या औषधावर भारतात २०११ मध्ये बंदी आली होती. ती २०१७ मध्ये उठली. आता ते नियमितपणे वापरलं जातं.

या आजारात आयव्हीएफ वेगळं असतं का?

मुळात आयव्हीएफ जन्माला आलं ते नळ्या बंद असलेल्या बाईसाठी. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुईस ब्राउन या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या आईच्या नळ्या बंद होत्या. आपल्या मुंबईत केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी याच पद्धतीने हर्षा या मुलीचा जन्म झाला, परळच्या प्रजनन संशोधन संस्थेच्या मदतीने. बीज आणि शुक्राणूची गाठ पोटाबाहेर घालायची आणि तयार गर्भ थेट पिशवीत ठेवायचा. चिकटलेलं, सुजलेलं ओटीपोट सगळंच्या सगळं वगळलं जातं, म्हणून एंडोमेट्रिओसिसमध्ये ही पद्धत उपयोगी पडते.

आठ ते बारा दिवस इंजेक्शनं, मग भूल देऊन सुईने बीजं काढणं, प्रयोगशाळेत गर्भ तयार करणं आणि तो पिशवीत सोडणं, हे सगळ्यांसारखंच. फरक असा की पुढे गेलेल्या आजारात बीजं कमी मिळतात. सौम्य आजारात मूल होण्याचं प्रमाण इतर कारणांसाठी आयव्हीएफ करणाऱ्यांच्या जवळपास असतं. बीजाची प्रत मुख्यतः वयावर ठरते.

बीजं काढताना सिस्टमध्ये सुई जाऊ नये अशी काळजी घेतात, कारण आत जंतुसंसर्ग झाला तर गळू होऊ शकतं. हा धोका कमी असतो आणि त्यासाठी प्रतिजैविक देतात. नळीत पाणी साठलं असेल तर गर्भ सोडायच्या आधी ती नळी काढावी किंवा बांधावी. ते पाणी पिशवीत झिरपतं आणि चांगला गर्भही वाया जातो. ही पायरी गाळलेली फाईल मी जेव्हा बघते तेव्हा फार वाईट वाटतं.

आयव्हीएफच्या आधी सरसकट तीन महिने पाळी थांबवणारी इंजेक्शनं देण्याची पद्धत होती. फायद्याचा पुरावा पक्का नसल्याने आता ती सगळ्यांसाठी सुचवली जात नाही. अॅडिनोमायोसिस जास्त असेल तर काही डॉक्टर गर्भ गोठवून ठेवतात आणि पिशवी शांत करून मग सोडतात. का सुचवताय, हे विचारून घ्या.

इंजेक्शनांनी आजार भडकेल का?

आयव्हीएफच्या औषधांमुळे एंडोमेट्रिओसिस परत येण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. काही दिवस पोट जड वाटतं, दुखतं. या भीतीने आयव्हीएफ पुढे ढकलू नका.

माझं वय २६, लग्न ठरायचंय, आणि एएमएच कमी आलंय. काय करू?

एएमएच कमी म्हणजे मूल होणार नाही असं नाही. साठा कमी आहे आणि वेळ थोडी आहे, इतकंच ते सांगतं. बीजं गोठवून ठेवता येतात, विशेषतः दोन्ही बाजूंच्या सिस्टचं ऑपरेशन करावं लागणार असेल तर त्याआधी. भारतातल्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे २१ वर्षांवरील अविवाहित स्त्रीलाही हा उपचार घेता येतो आणि बीजं दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. गोठवलेली बीजं म्हणजे मूल होण्याची हमी नव्हे आणि खर्चही मोठा आहे, हे आई-वडिलांसोबत बसून समजून घ्या.

मुलाकडच्यांना सांगायचं का? हा प्रश्न मुलीची आई विचारते, दाराशी थांबून, हळू आवाजात. माझं मत असं की स्थळ पक्कं होतंय असं वाटलं की ज्याच्याशी संसार करायचा त्या मुलाला मुलीने स्वतः सांगावं. गावभर सांगायची गरज नाही. पुढे उपचारांत तोच बरोबर असणार आहे.

दोष माझ्यात आहे, मग नवऱ्याची तपासणी कशाला?

पहिल्याच आठवड्यात करा. वीर्य तपासणी स्वस्त आहे, दुखत नाही, आणि तिच्यावर बरेच निर्णय ठरतात. बायकोची दोन ऑपरेशनं झाल्यावर नवऱ्याची पहिली तपासणी होते, हे आपल्याकडे अजूनही घडतं आणि ते अन्यायाचं आहे. आणि 'दोष' हा शब्द सोडा.

खर्च, विमा आणि कायदा यांचं काय?

क्लिनिक नोंदणीकृत आहे का ते बघा. पहिल्या स्तराच्या नोंदणीवर फक्त आययूआय करता येतं; आयव्हीएफसाठी दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते. उपचारासाठी स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ हवं. दात्या स्त्रीचं बीज लागलं तर तिचं वय २३ ते ३५ असावं लागतं आणि ती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते. गर्भाचं लिंग निवडणं गुन्हा आहे. कुणी सुचवलंच तर तिथून उठा.

आरोग्य विम्यात वंध्यत्वाचे उपचार सहसा बसत नाहीत. पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींत सतरावा सांकेतिक क्रमांक बघा, तिथे ते लिहिलेलं असतं. सिस्टचं किंवा दुखण्यासाठीचं ऑपरेशन बसू शकतं, पण बऱ्याच पॉलिसींत त्यालाही सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो. आयव्हीएफचं 'पॅकेज' सांगितलं की इंजेक्शनं, गर्भ गोठवणं, दरवर्षीचं साठवणीचं भाडं आणि गोठवलेला गर्भ सोडण्याचा खर्च त्यात धरलाय का, हे लेखी घ्या. शेत गहाण टाकायच्या आधी तरी नक्की घ्या.

पथ्य, योग, काढे यांनी जमेल का?

सकस आहार, चालणं, झोप यांनी अंगात ताकद राहते आणि दुखणं सोसायला सोपं जातं. सिस्ट विरघळवणारा आहार किंवा काढा सिद्ध झालेला नाही. करायचं तर उपचारासोबत करा, त्याच्या जागी नको. घेत असलेला प्रत्येक काढा डॉक्टरांना सांगा.

एक मूल झालं की आजार जातो ना? नाहीतर मग पिशवीच काढून टाकू.

गरोदरपणात पाळी नसते म्हणून पुष्कळींना बरं वाटतं. पाळी सुरू झाली की अनेकींचं दुखणं परत येतं. मूल हे औषध नाही. मूल हवं म्हणूनच ते व्हावं. गरोदरपणात वार खाली असण्याचं आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं. तेव्हा नियमित तपासणी आणि सोनोग्राफी चुकवू नका. बहुतेक बाळंतपणं नीट पार पडतात.

पिशवी काढण्याबद्दल सावध राहा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुण वयात काढल्याचं २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, चौकशी झाली. दुखणं, अंगावर जाणं आणि मजुरी बुडण्याची भीती यांतून ते घडत होतं. एंडोमेट्रिओसिस पिशवीच्या बाहेरचा आजार आहे. नुसती पिशवी काढली आणि बाहेरचा आजार तसाच राहिला तर दुखणंही राहतं. मूल होऊन गेलंय, बाकी सगळे उपचार करून झालेत, अॅडिनोमायोसिस फार आहे, तेव्हा हा पर्याय येतो.

दोनदा आयव्हीएफ फसलं. आता?

तिसऱ्यांदा तेच करण्याआधी फाईल पहिल्या पानापासून वाचून घ्या. नळीत पाणी राहिलंय का, पिशवीच्या आत काही आहे का, अॅडिनोमायोसिस किती, गर्भ कसे तयार झाले होते. कधी इथे ऑपरेशनचा उपयोग होतो, कधी वेगळ्या औषधांचा. स्वतःची बीजं उरली नसतील तर दात्या स्त्रीच्या बीजाने चांगली शक्यता असते, कारण अडचण पुष्कळदा बीजातच असते. दत्तक घेण्याची नोंदणी केंद्र सरकारच्या 'कारा' या संस्थेच्या संकेतस्थळावर होते आणि तिथेही वयाच्या अटी आहेत, त्यामुळे मनात असेल तर माहिती आत्ताच काढा. थांबायचं ठरवलं तर तोही निर्णयच आहे, आणि त्यानंतरही तुमच्या दुखण्याचा उपचार चालू राहिला पाहिजे. मूल नको म्हटल्यावर बाईचं दुखणं कुणी विचारतच नाही, असं होऊ देऊ नका.

पहिल्या भेटीला काय आणू?

जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून. ऑपरेशन झालं असेल तर त्याची लेखी नोंद आणि मिळाला तर व्हिडिओ. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळींवरून काही कळत नाही. एएमएचचे आकडे तारखांसह. नवऱ्याचा रिपोर्ट. मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि दुखण्याचे दिवस. आणि येण्यापूर्वी दोघांनी घरी बसून एवढं ठरवून या: आत्ता आधी काय हवंय, दुखण्यातून सुटका की मूल, आणि मूल हवं असेल तर किती लवकर. मी पहिला प्रश्न तोच विचारते, आणि बहुतेक जोडप्यांनी तोवर एकमेकांना तो विचारलेला नसतो.